‘नितीन कंपनी’चा अर्थ नक्की कोण ठरवतं? शब्दार्थाच्या सिद्धान्तांवर चार बैठका घ्यायच्या आहेत, मदत हवी

धागाकर्ता: रोड_नंबर_सोळा

मंडळी, ठाण्यातल्या नौपाड्यात आमचं छोटं अभ्यासमंडळ आहे. पुढच्या महिन्यात भाषेच्या तत्त्वज्ञानावर चार बैठका ठरल्या आहेत, प्रत्येकी दीड तासाची. पंधरा-वीस जण येतील. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, दोन वकील आहेत आणि बाकी बहुतेक ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतली तरुण मंडळी. मूळ लेख कोणी वाचून येणार नाही हे धरूनच चाला. विषय एकच: शब्दाला अर्थ मिळतो कुठून?

माझ्यापाशी तीन उत्तरं जमली आहेत आणि तिन्ही एकमेकांना छेद देतात. पहिलं, माणसांनी ठरवून दिला. दुसरं, वापरता वापरता आला. तिसरं, शब्दाचं वस्तूशी नातं जुळलेलं असतं, बोलणाऱ्याला ते समजो वा न समजो. आता आपलंच उदाहरण घ्या. हायवेला तीन हात नाका सोडला की नितीन कंपनी नावाचा नाका, मग कॅडबरी. रिक्षात बसून ‘नितीन कंपनी’ म्हणणाऱ्या बहुतेकांना ती कंपनी काय बनवते हे सांगता येणार नाही, तरी रिक्षा बरोबर जागी थांबते. हे तिन्हीपैकी कशात बसतं?

क्रम कसा लावू, इथली कुठली उदाहरणं शेवटपर्यंत टिकतात आणि लोक हमखास कुठे अडकतात, एवढं सांगा. भारतीय परंपरा शेवटच्या बैठकीत शोभेपुरती आणायची नाही, हेही ठरलं आहे.

---

प्रतिसाद: खाडीपलीकडे

तुमची तीन उत्तरं मुळात एका प्रश्नाची नाहीत, म्हणून ती भांडताना दिसतात. अर्थ म्हणजे काय चीज आहे, हा एक प्रश्न. तो शब्दाला कशामुळे चिकटला, हा दुसरा. आणि नव्या माणसाला तो कळतो कसा, हा तिसरा. पहिल्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं हे तीन प्रश्न फळ्यावर वेगळे लिहिण्यात घालवा आणि फळा चारही बैठका पुसू नका. कोणी ‘पण डिक्शनरीत असतो ना अर्थ’ म्हणालं की विचारायचं, हे तिन्हींपैकी कशाचं उत्तर? कोश तिसऱ्याचं उत्तर देतो, तेही अर्धंच, कारण कोशातला अर्थ कळायला आधी शे-दोनशे शब्द यावे लागतात.

पहिल्या प्रश्नासाठी जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेचा १८९२ चा निबंध घ्या. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा, दोन्ही शुक्रच, हे त्याचं उदाहरण जगभर वापरून गुळगुळीत झालं आहे. ठाणेकरांसाठी ‘श्रीस्थानक’ घ्या. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत हे नाव येतं. ‘ठाणे म्हणजे ठाणे’ या वाक्यातून कोणाला काही नवं कळत नाही. ‘ठाणे म्हणजेच श्रीस्थानक’ यातून कळतं. दोन्ही नावं एकाच गावाची आहेत, म्हणजे निर्देश एक. तरी दुसऱ्या वाक्यात माहिती आहे आणि पहिल्यात नाही. अर्थ म्हणजे फक्त निर्दिष्ट वस्तू असती तर हा फरक पडलाच नसता. म्हणून फ्रेगे म्हणतो, वस्तू आपल्यासमोर ज्या रीतीने मांडली जाते ती रीतही अर्थाचा भाग आहे.

पुढची पायरी अदलाबदलीची. ‘बंड्याला माहीत आहे की तो ठाण्यात राहतो’ यात ‘ठाण्यात’च्या जागी ‘श्रीस्थानकात’ घाला. पहिलं वाक्य खरं, दुसरं खोटं असू शकतं. इथे लोक हमखास म्हणतात, ‘बंड्याला इतिहास येत नाही, त्यात शब्दार्थाचा काय संबंध?’ मग सरळ ‘बंड्या ठाण्यात राहतो’ या वाक्यात तीच अदलाबदल करून दाखवा. तिथे खरेपणा अजिबात बदलत नाही. ‘माहीत आहे की’, ‘वाटतं की’ यांच्या पोटात शिरलं तरच घोटाळा होतो. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिलीत तर आक्षेप आपोआप गळतो.

आता दुसरा प्रश्न. नावाचा अर्थ म्हणजे त्या वस्तूचं वर्णन, असं मानण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो मोडायला ‘नवी मुंबई’ पुरे. ती वसवणारी सिडको १९७० ला स्थापन झाली. शहर आणखी शंभर वर्षांनी जुनं-पुराणं झालं तरी ते नवी मुंबईच राहणार. इंग्रज तत्त्वज्ञ मिलने १८४३ मध्ये डार्टमथ या गावाबद्दल हेच म्हटलं होतं: डार्ट नदीच्या मुखाशी म्हणून ते नाव पडलं, पण उद्या नदीने पात्र बदललं तरी गाव डार्टमथच. नाव पडण्याचं कारण वेगळं आणि नावाचा अर्थ वेगळा. मुलुंड चेकनाक्याचंही तेच. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, नाव कुठे गेलं?

वर्णन नव्हे तर मग काय, याचं उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिप्केने जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला तीन व्याख्यानांत दिलं. हातात लिखित संहिता नव्हती. व्याख्यानं १९७२ मध्ये छापली गेली आणि १९८० मध्ये पुस्तक झालं. त्याच्या चित्राचे तीन भाग आहेत आणि तिन्ही सुटे करून दाखवा: कोणीतरी केलेलं नामकरण, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी साखळी, आणि नाव ऐकणाऱ्याचा हा मनसुबा की ज्याच्याकडून ऐकलं तो ज्याच्याबद्दल बोलत होता त्याच्याचबद्दल मीही बोलणार. तिसरा भाग लोक विसरतात आणि मग साखळी म्हणजे नुसती कानोकानी गोष्ट उरते. कुत्र्याचं नाव ‘नेपोलियन’ ठेवणाऱ्याने नाव इतिहासातूनच उचललेलं असतं, पण तो मनसुबा सोडलेला असतो. म्हणून ते नवं नामकरण.

बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, मनसुबा शाबूत असूनही निर्देश घसरतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ इव्हान्सने १९७३ मध्ये मादागास्करचं उदाहरण दिलं. ते नाव मूळचं आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या एका भागाचं, मार्को पोलोकडून गैरसमजाने बेटाला चिकटलं. त्याला नवं नाव ठेवायचं नव्हतंच, तरी आज ते बेटाचंच नाव आहे. दुसरा बिघाड नामकरणातच: बोट दाखवून ‘हे’ म्हटलं तरी ‘हे’ म्हणजे काय? सिग्नल, उड्डाणपूल, की आसपासची वस्ती? नुसतं बोट पुरत नाही, कुठल्या प्रकारची गोष्ट हेही मनात असावं लागतं. म्हणजे जे वर्णन दाराबाहेर काढलं ते खिडकीतून थोडं आत आलंच. हे लपवू नका, वकील मंडळी बरोबर पकडतील.

---

प्रतिसाद: मुक्तावली

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत. फक्त ‘नितीन कंपनी’ क्रिप्केच्या खात्यात टाकू नका. तिथे नाक्याचं नामकरण झालंच नाही. कंपनीचं झालं होतं.

हे उदाहरण चोख लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ बसत नाही म्हणून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचं आहे. ‘गंगायां घोषः’ म्हणजे गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, म्हणून ‘गंगा’ शब्दाने काठ घ्यायचा. काव्यशास्त्रकार मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत आणि तिन्ही इथे तपासता येतात. मुख्यार्थाचा बाध हवा: रिक्षावाला कंपनीच्या आवारात रिक्षा घालणार नाही. मुख्यार्थाशी संबंध हवा: नाका कंपनीच्या शेजारी आहे, म्हणजे सामीप्य. आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक हवं: इथे रूढी. वाक्य ‘मी नितीन कंपनीला उतरतो’ असंच लिहा. ‘नितीन कंपनीत काम करतो’ असं केलंत तर बाध उरत नाही आणि लक्षणा लागूच होत नाही. एकाच शब्दाची ही दोन वाक्यं समोरासमोर ठेवणं हाच प्रयोग.

आता गंमत अशी की आज नव्याने घोडबंदरला राहायला आलेला माणूस कंपनीचा विचार मनात न आणता थेट नाका समजतो. मुख्यार्थ, बाध, संबंध ही चढण त्याला चढावी लागत नाही. अशा झिजून घट्ट झालेल्या लक्षणेला निरूढ लक्षणा म्हणतात आणि ती शक्तीच्या, म्हणजे मुख्यार्थाच्या, अगदी उंबरठ्याशी असते. नामकरण न होताच नाव तयार झालं. मादागास्करमध्ये चूक लागली, इथे चूकसुद्धा लागली नाही. माझ्या मते तुमच्या चार बैठकांतलं सगळ्यात कसदार उदाहरण हेच, आणि ते तुमच्या दारात आहे.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे अर्थ कळतो कसा, नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, आठ साधनांची यादी जशीच्या तशी वापरा: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचं सान्निध्य. विश्वनाथाच्या सिद्धान्तमुक्तावली या न्यायग्रंथात ती श्लोकात दिली आहे. आठही समजावत बसू नका, वेळ जाईल. ‘वाशीकर’, ‘नेरूळकर’ यांतला ‘कर’ कळला की ‘उलवेकर’ न शिकवता कळतो, हे व्याकरण. गाईसारखा दिसतो तो गवा, हे उपमान. कोश, आप्तवाक्य आणि विवरण सांगावं लागत नाही. आंब्याच्या झाडावर पिक गोड कूजन करतो आहे, या वाक्यात बाकीचे शब्द येत असतील तर ‘पिक’ म्हणजे कोकीळ हे उमगतं, ते सान्निध्य.

वेळ द्यायचा तो व्यवहाराला, कारण बाकी सातांना आधी थोडी भाषा यावी लागते आणि याला लागत नाही. जुनं उदाहरण असं: आजोबा काकाला म्हणतात ‘गाय आण’, काका गाय आणतो, मूल बघतं. एवढ्यावरून ‘गाय’ म्हणजे काय हे कळत नाही, अख्ख्या वाक्याला अख्खी कृती जुळते इतकंच कळतं. मग ‘घोडा आण’ ऐकू येतं, ‘गाय बांध’ ऐकू येतं. एक शब्द काढला, दुसरा घातला, कृतीतला कुठला भाग बदलला आणि कुठला टिकला हे पाहून अर्थ सुटे होतात. याला आवाप-उद्वाप म्हणतात. कमीत कमी तीन वाक्यं लागतात. दोन वाक्यांत एकच शब्द बदलतो आणि दुसरा शब्द कृतीच्या कुठल्या भागाशी बांधायचा याची खात्री होत नाही. मंडळात करून बघायचं असेल तर कोणालाच न येणारे दोन बनावट क्रियाशब्द आणि दोन बनावट नामं घ्या, दोघांनी समोर येऊन करून दाखवायचं, बाकीच्यांनी अर्थ लिहायचे.

आणि हे करताना अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन आणा. त्याच्या १९६० च्या पुस्तकात अनोळखी भाषेतला माणूस ससा बघून ‘गावागाई’ म्हणतो. तो ससा, सशाचे न सुटलेले अवयव, की सशाच्या आयुष्याचा एक तुकडा? आवाप-उद्वाप कितीही लांबवला तरी हे पर्याय निकालात निघत नाहीत, असं क्वाइनचं म्हणणं. नैयायिकाला हा पेच तितका बोचत नाही, कारण त्याच्या मते जाती (सगळ्या सशांत समान असलेला ससेपणा), आकृती आणि व्यक्ती (एकेक ससा) तिन्ही पदाच्या अर्थात येतात आणि जाती ही जगातच असते, आपण कापून काढलेली नसते. ते पटतं का, हा वेगळा वाद. पण वाद कुठे आहे हे स्पष्ट दिसतं.

‘माणसांनी ठरवून दिला’ या उत्तरावरचा सगळ्यात जुना आणि नेमका हल्लाही आपल्याकडचाच. शब्द आणि अर्थ यांचा संबंध औत्पत्तिक, म्हणजे उपजत, असं मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी म्हणतो, आणि त्याचा भाष्यकार शबर त्याला युक्तिवाद पुरवतो: कोणी हा संबंध घडवला असता तर तो घडवणारा लोकांच्या स्मरणात राहिला असता. पाणिनीला न मानणाऱ्याला ‘वृद्धि’ शब्दावरून आ, ऐ, औ हे स्वर कळणार नाहीत. छंदशास्त्रकार पिंगलाला न मानणाऱ्याला ‘म’ म्हटल्यावर तीन गुरू कळणार नाहीत. ‘यमाताराजभानसलगं’ पाठ केलेल्यांना दुसरं लगेच पटेल. पण ‘गाय’ म्हणताना कोणाचीच आठवण लागत नाही, अर्थात तो संबंध कोणी केलेला नाही. याच्यासमोर क्रिप्के ठेवा. तो म्हणतो साखळी असली की पुरे, नामकरण कोणी केलं हे आठवायची गरजच नाही. दोघांतलं अंतर नेमकं या एका वाक्यात आहे आणि अर्धा तास सहज जातो.

नैयायिक ‘अमुक पदाने अमुक अर्थ समजावा’ हा ईश्वराचा संकेत मानतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ही व्याख्या एका ओळीत आहे. नव्य नैयायिकांनी पुढे ईश्वराचीच इच्छा हवी ही अट सैल केली, कारण बारशाला बापाने ठेवलेलं नावही चालतं. ईश्वर म्हटल्यावर तरुण मंडळी हसतील. त्यांना शबराचाच प्रश्न विचारा, पहिला करार कुठल्या शब्दांत झाला?

---

प्रतिसाद: गाळा_क्रमांक_नाही

विशेषनामांवरच सगळा वेळ घालवू नका. खरी अडचण सामान्यनामांत आहे आणि नवी मुंबईत तिचं उदाहरण दर मोसमात वाशीच्या मार्केट यार्डात पेट्यांनी उतरतं.

आधी अमेरिकन तत्त्वज्ञ पटनम. १९७५ च्या निबंधात तो अशी पृथ्वी कल्पितो जिथे सगळं इथल्यासारखंच आहे, फक्त पाण्यासारखं दिसणारं, तहान भागवणारं द्रव्य एचटूओ नसून भलतंच आहे. १७५० मधल्या, रसायनशास्त्र माहीत नसलेल्या दोन माणसांच्या डोक्यात तंतोतंत तेच आहे, तरी इथला ‘पाणी’ म्हणताना एक द्रव्य सांगतो आणि तिथला दुसरं. म्हणजे अर्थ डोक्यात नसतो. त्याच निबंधात भाषिक श्रमविभागणी आहे: पटनमला एल्म आणि बीच ही झाडं वेगळी ओळखता येत नाहीत, तरी त्याच्या तोंडी ते शब्द वेगवेगळ्या झाडांचे आहेत, कारण समाजात ओळखणारे कोणीतरी आहेत. लोक इथे ‘अर्थ तज्ज्ञ ठरवतात’ असं ऐकतात. पटनम तसं म्हणत नाही. तज्ज्ञ वस्तू ओळखतात. शब्दाची व्याप्ती ठरते ती वस्तूच्या स्वरूपावरून, आणि तज्ज्ञही चुकू शकतो.

आता ‘हापूस’. गिऱ्हाइकाला देवगडचा आणि कर्नाटकातला शेजारी ठेवले तर बहुतेकदा फरक सांगता येत नाही, तरी तो ‘हापूस द्या’ म्हणतो आणि काहीतरी नेमकं मागतो. काय मागतो? वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारलंत तर हापूस ही जात आहे आणि ती कलमाने टिकते. हापूसची कोय पुरली तर हापूस मिळेलच असं नाही, येतो तो रायवळ. कलम म्हणजे त्याच झाडाचा पुढचा तुकडा, म्हणून कर्नाटकातल्या बागेत हापूसचं कलम वाढलं तर तेही हापूसच. मलावीतून अवेळी येणाऱ्या आंब्यालाही याच आधारावर ‘मलावी हापूस’ म्हणतात. दुसरीकडे भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव. १९९९ च्या कायद्याखाली २०१८ मध्ये हापूसची नोंद झाली ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्या हिशेबाने कर्नाटकातलं फळ, झाड तेच असलं तरी, हापूस या नावाने विकता येत नाही.

म्हणजे एका शब्दामागे तज्ज्ञांच्या दोन फळ्या उभ्या आहेत आणि दोघांची व्याप्ती वेगळी. पटनमच्या चित्रात सगळे तज्ज्ञ एकाच गोष्टीचा शोध घेत असतात. इथे एक फळी वस्तूचं स्वरूप सांगते, दुसरी ठरवून देते. धागाकर्त्याची पहिली आणि तिसरी उत्तरं एकाच पेटीत बसलेली हवी असतील तर ती ही. वकिलांना बैठक क्रमांक तीन देऊन टाका, प्रश्न असा घाला: २०१८ च्या आधी ज्याने कर्नाटकातल्या फळाला ‘हापूस’ म्हटलं तो चूक बोलला का? ‘हो’ म्हणणाऱ्याला नोंदणीने जुना अर्थ शोधून काढला असं मानावं लागतं. ‘नाही’ म्हणणाऱ्याला अर्थ बदलला असं मानावं लागतं, आणि मग कोणाच्या तोंडी बदलला हेही सांगावं लागतं. गिऱ्हाइकाच्या, की फक्त लेबलावर?

दर्जा, चव, भाव यांच्यावर गाडी घसरू देऊ नका. मे महिन्यात बैठक असेल तर घसरणारच.

---

उपप्रतिसाद: मुक्तावली

हापूसचा पेच मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जैमिनी-शबरांच्या परंपरेने, यवाच्या निमित्ताने सोडवायचा प्रयत्न केला आहे. यज्ञात यवाचा चरू, म्हणजे शिजवलेला हवि, करायचा असं विधान आहे. काही लोक ‘यव’ म्हणजे लांब कुसळांचं धान्य, जव, समजतात आणि काही प्रियंगू, म्हणजे राळ्यासारखं धान्य. दोन्ही वापर रूढ. मग शबर वाक्यशेषाकडे जातो: बाकीच्या वनस्पती सुकतात तेव्हा हे टवटवीत उभे असतात, असं पुढे म्हटलं आहे, आणि ते जवाला लागू पडतं. निकाल शास्त्रस्थांच्या, म्हणजे शास्त्राला धरून शब्द वापरणाऱ्यांच्या, बाजूने. पण लगेच पुढच्याच अधिकरणात (प्रकरणात) ‘पिक’, ‘नेम’, ‘तामरस’ असे शब्द येतात, जे आर्यांच्या वापरात नाहीत आणि म्लेंच्छांच्या आहेत. तिथे निर्णय उलटा: धातू-प्रत्यय जुळवून अर्थ बनवत बसू नका, जे वापरतात त्यांना विचारा. म्हणजे तज्ज्ञ कोण हे शब्दागणिक ठरतं. पटनमला ही पुरवणी जोडून द्या.

---

धागाकर्ता: रोड_नंबर_सोळा

सगळ्यांचे आभार, टिपणं काढतो आहे. कंपनी, हापूस, यव हे पक्कं. पण ‘वापरातून अर्थ’ हे उत्तर कोणीच हातात घेतलं नाही. विट्गेनस्टाइन वगळायचा का? आणि शबराने पहिला करार कुठल्या शब्दांत झाला हे विचारलं त्याला उत्तर नाहीच का?

---

प्रतिसाद: पामबीच_पायी

वगळू नका, पण घोषवाक्यापासून सावध. ‘अर्थ म्हणजे वापर’ हे वाक्य जितकं उद्धृत होतं तितकं त्याने म्हटलेलं नाही. १९५३ च्या पुस्तकातला त्रेचाळीसावा परिच्छेद काढा. ‘अर्थ’ हा शब्द आपण ज्या प्रसंगी वापरतो त्यांतल्या पुष्कळ प्रसंगी, सगळ्या नाही, शब्दाचा अर्थ म्हणजे भाषेतला त्याचा वापर, असा सावध सूर आहे. ‘सगळ्या नाही’ हे गाळलं की सिद्धान्त होतो, आणि सिद्धान्त मांडायचे नाहीत हे त्याच पुस्तकात बजावलं आहे.

घोषवाक्याने काय बिघडतं ते एका संवादात दाखवता येतं.

‘ठाण्याहून वाशीला किती वेळ लागेल?’
‘आज रविवार आहे.’

ऐकणाऱ्याला मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल गाड्या बंद, हे कळलं. ‘रविवार’चा वापर मेगाब्लॉक सुचवण्यासाठी रोज होतो, म्हणून ‘रविवार’चा अर्थ मेगाब्लॉक का? ब्रिटिश तत्त्वज्ञ ग्राइसने १९६७ च्या व्याख्यानांत याची कसोटी दिली. सुचवलेलं रद्द करून बघायचं. ‘आज रविवार आहे, पण ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्गावर ब्लॉक नाही’ हे बिनदिक्कत म्हणता येतं. ‘आज रविवार आहे, पण आठवड्यातला हा वार रविवार नाही’ हे म्हणता येत नाही. रद्द झालं ते बोलण्याचं सूचन, उरला तो शब्दार्थ. काव्यशास्त्रवाले व्यंजना म्हणून जे सांगतात त्याच्या हे जवळ जातं, फक्त ग्राइस सूचन अनुमानाने बांधतो आणि ध्वनिवादी व्यंजनेला अनुमानात घालायला तयार नाहीत. त्यात शिरायचं असेल तर पाचवी बैठक ठेवा.

आता पहिला करार. उत्तर आहे, आणि ते अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइसने १९६९ मध्ये दिलं. बोलून केलेला करार हा संकेताचा एक प्रकार झाला, एकमेव नव्हे. लुइसच्या मते संकेत म्हणजे अशी वहिवाट की जवळपास सगळे ती पाळतात, बाकीचे पाळतील अशी प्रत्येकाची अपेक्षा असते, बाकीचे पाळत असतील तर आपणही पाळावी हे प्रत्येकाच्या सोयीचं असतं, दुसरी एखादी वहिवाटही तेवढीच चालली असती, आणि हे सगळं सगळ्यांना ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक असतं. यात कोणी कोणाशी बोलायची अट कुठेच नाही.

वहिवाट सुरू कशी होते? नजरेत भरणाऱ्या खुणेने आणि पूर्वानुभवाने. नाक्यावर डोळ्यात भरेल अशी एक कंपनी आहे. उतरायची जागा सांगायची तर दोघांनाही सुचेल अशी खूण तीच. एकदा जमलं, दुसऱ्यांदा तेच म्हटलं, तिसऱ्यांदा रिक्षावाल्याने स्वतःहून विचारलं. करार झालाच नाही आणि संकेत तयार झाला. शबराचा घडवणारा कोणाला आठवत नाही, कारण एक असा घडवणारा नव्हताच. एवढ्यावरून संबंध उपजत ठरत नाही. दुसरं एखादं नावही चाललं असतं ही लुइसची अट इथे लागू पडते, आणि उपजत संबंधाला नेमकी तीच परवडत नाही.

वैयाकरण पतंजलीचा कुंभार मात्र पहिल्याच बैठकीत आणा. घडा हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘घडा करून दे’ म्हणतो, शब्द हवा असलेला कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द करून दे’ म्हणत नाही. त्याच्या महाभाष्याच्या सुरुवातीलाच, ‘सिद्धे शब्दार्थसंबंधे’ (शब्द, अर्थ आणि त्यांचा संबंध आधीच सिद्ध आहे) या कात्यायनाच्या वार्तिकाच्या, म्हणजे टिपणाच्या, निमित्ताने हे येतं. तुमच्या आयटीवाल्यांना शब्द घडवून देणारे कुंभार माहीत आहेत, प्रॉडक्टला नाव देणारे सल्लागार. तो आक्षेप त्यांच्याकडून येऊ दे, तुम्ही आधी सांगू नका. मग विचारा, सल्लागाराने नाव केलं की संकेत केला?

क्रिप्केने १९८२ मध्ये विट्गेनस्टाइनवरून उभा केलेला नियमांचा पेच, म्हणजे आजवर सत्तावन्नपेक्षा लहान संख्याच मिळवलेल्या माणसाने ‘अधिक’ म्हणताना बेरीजच अभिप्रेत धरली होती कशावरून, अडुसष्ट अधिक सत्तावन्नचं उत्तर एकशे पंचवीसऐवजी पाच का नको, हा चार बैठकांत मावत नाही. गणितवाला कोणी असेल तर तो बैठक पळवून नेईल. गाळा.

---

प्रतिसाद: खाडीपलीकडे

लुइसबद्दल सहमत. ‘नितीन कंपनी’ लक्षणेकडे द्यायलाही हरकत नाही, पण मग क्रिप्केसाठी दुसरं उदाहरण लागेल, आणि त्याचं स्वतःचंच सर्वात धारदार आहे. दुसऱ्या बैठकीत ते तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर द्या. मजकूर असा ठेवा:

‘गोडेलबद्दल एका माणसाला एवढंच माहीत आहे की अंकगणिताच्या अपूर्णतेचा सिद्धान्त त्याने शोधला. समजा प्रत्यक्षात तो सिद्धान्त श्मिट नावाच्या माणसाने शोधला होता आणि गोडेलने ते हस्तलिखित मिळवून आपल्या नावावर खपवलं. हा माणूस म्हणतो: गोडेलने अपूर्णतेचा सिद्धान्त शोधला. त्याचं वाक्य खरं की खोटं?’

वर्णन हाच नावाचा अर्थ मानणाऱ्याला ‘खरं’ म्हणावं लागतं, कारण शोधणाऱ्यानेच शोधला. क्रिप्केच्या बाजूचा ‘खोटं’ म्हणेल. ‘तो माणूस कोणाबद्दल बोलतो आहे?’ असं विचारू नका. २००४ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना जवळपास तसंच विचारलं गेलं. हाँगकाँगचे विद्यार्थी वर्णनाकडे जास्त झुकले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. नंतरच्या टीकेतला एक मोठा मुद्दा हा की त्या प्रश्नातून दोन गोष्टी निघतात: बोलणाऱ्याच्या मनात कोण आहे, आणि शब्द कोणाचा आहे. खरं-खोटं विचारल्याने ती फट बरीच बुजते.

चिठ्ठीवर नाव घालू देऊ नका, फक्त आपली आपल्याला ओळखता येईल अशी खूण करू द्या, चर्चेआधीच गोळा करा आणि मोजणी बैठकीच्या शेवटी सांगा. आधी सांगितलीत तर बहुमताचं उत्तरच बरोबर, असं धरून लोक बोलू लागतात. मतमोजणीने सिद्धान्त ठरत नाही, आपण कुठे अडखळतो तेवढं दिसतं. शेवटी प्रत्येकाला स्वतःची चिठ्ठी परत द्या आणि मागे दुसरं उत्तर लिहायला सांगा, बदललं असेल तर का बदललं या एका ओळीसकट.